भिंतीतली ऊब

वर्तमानपत्रात आगीची बातमी आली की तिच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते. आग शॉर्टसर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे. घर जळो, दुकान जळो, गोदाम जळो. दोष शॉर्टसर्किटच्या माथी मारला की वार्ताहर मोकळा, पंचनामा करणारा मोकळा आणि चहा पीत वाचणारे आपणही मोकळे. जणू शॉर्टसर्किट म्हणजे आकाशातून कोसळणाऱ्या विजेसारखी आपत्ती; तिच्यापुढे माणसाने करावे तरी काय?

आम्हांला हा शब्द फार दिवसांपासून खटकत आला आहे. ज्याला खऱ्या अर्थाने शॉर्टसर्किट म्हणतात ते क्षणभरच टिकते. दोन उघड्या तारा एकमेकींना भिडल्या की प्रवाह एकाएकी शेकडो ॲम्पिअरांवर जातो, फ्यूज वितळतो किंवा हल्लीच्या बोर्डावरचा एमसीबी खटकन पडतो, आणि घर अंधारात बुडते. त्या क्षणीच्या ठिणगीने कधी आग लागतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. परंतु बहुधा त्या अंधाराने कामच झालेले असते. आपण चिडतो, मेणबत्ती शोधतो, वायरमनला बोलावणे धाडतो. पण पहारेकरी जागा होता, हेच त्या अंधाराने आपल्याला कळवलेले असते.

याच्या अगदी उलट प्रकृतीचा एक दोष आहे. तो आवाज करीत नाही, दिवा मालवीत नाही, फ्यूज उडवीत नाही. गिझर तापतो, इस्त्री चालते, फ्रीज गार होतो. तक्रारीला जागाच नसते. फक्त भिंतीवरचा प्लग हाताला उबदार लागतो. यंदा उबदार, पुढल्या वर्षी गरम, आणि त्याच्या पुढल्या वर्षी सॉकेटच्या एका भोकाभोवती चहाच्या डागासारखे तपकिरी वर्तुळ. घरातील माणसे त्या वर्तुळाला सरावतात. रंगारी येतो तेव्हा तो त्याच्याभोवतीने ब्रश फिरवून जातो.

हे समजून घ्यायचे तर वसईकडच्या आमच्या जुन्या घरांची आठवण केली पाहिजे. वीज प्रथम आली तेव्हा लाकडी पट्टीवर बारीक खिळ्यांनी ठोकलेली दोनपदरी तार माळ्याखालून फिरत असे. ओटीवर एक दिवा, स्वयंपाकघरात एक, खोलीत एक, आणि येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे झीरोचा लाल दिवा. (त्याला झीरो म्हणत खरे, पण तोही दहा-पंधरा वॅट खात असे.) पुढे एखादा पंखा आला, रेडिओ आला. सारे एका वेळी चालू केले तरी तीनशे वॅटांच्या घरात हिशेब मिटे. म्हणजे २३० व्होल्टांच्या आपल्या पुरवठ्यावर सव्वा ॲम्पिअरच्या आसपास. त्या काळच्या वायरमनने तेवढ्याच ओझ्याची तार ओढली, आणि ते योग्यच केले. शिवाय तांबे महाग आणि दुर्मिळ होते, म्हणून पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमची तार गेली. ॲल्युमिनियम मऊ असते. स्क्रूखाली दाबून ठेवले की ते वर्षानुवर्षे हळूहळू पसरते आणि पकड सैल होते. हवा लागताच त्यावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर बसतो, आणि त्या थरातून वीज सहजासहजी जात नाही.

आज त्याच घरात दोन हजार वॅटांचा गिझर आहे, हजार वॅटांची इस्त्री आहे, साडेसातशे वॅटांचा मिक्सर आहे. फ्रीज, धुलाईयंत्र, विहिरीवरचा पंप, मायक्रोवेव्ह, दीड टनाचा एसी, इंडक्शनची शेगडी, ही यादी आणखीही वाढवता येईल. दिव्यांनी मात्र उलटा प्रवास केला. साठ वॅटांच्या बल्बच्या जागी नऊ वॅटांचा एलईडी आला, म्हणून वरवर पाहणाऱ्याला वाटते की आपले घर आता कमी वीज खाते. वास्तविक प्रकाशाचे ओझे उतरले आणि उष्णतेचे चढले. भिंतीला नवा रंग आला, फरशीच्या जागी टाइल्स आल्या. कित्येक घरांत रंगाआडची तार मात्र आजोबांच्याच वेळची आहे.

तारेतून वीज वाहते तेव्हा ती थोडी तरी तापतेच. किती तापते, याचा नियम मँचेस्टरजवळच्या एका बिअर गाळणाऱ्या कुटुंबातील जेम्स जूल या तरुणाने १८४१ साली मांडला. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. आणि मार्गात जितका विरोध अधिक तितकी उष्णताही अधिक. शाळेत आपण सर्वांनी हे पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरून गेलो. इस्त्रीत ही उष्णता आपल्याला हवी असते, म्हणून तिथे विरोध करणारी नायक्रोमची तार मुद्दाम बसवलेली असते. भिंतीत ती नको असते. पण जिथे स्क्रू सैल झाला, जिथे सॉकेटमधल्या पितळी जिभांची पकड गेली, जिथे वसईच्या खाऱ्या वाऱ्याने पितळेवर हिरवट पुटे चढवली, तिथे कोणी न बसवताही एक छोटीशी इस्त्री आपोआप तयार होते.

थोडा हिशेब मांडू. दोन हजार वॅटांचा गिझर साडेआठ-पावणेनऊ ॲम्पिअर प्रवाह घेतो. त्याच्या वाटेवर एका सैल सांध्यात अवघा अर्धा ओहम विरोध निर्माण झाला, तर त्या सांध्यात सुमारे छत्तीस वॅट उष्णता जन्म घेते. गिझरला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या वाट्याचे चार-साडेचार व्होल्ट काय ते कमी होतात. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरचे सोल्डरिंग आयर्न पुष्कळदा पंचवीस वॅटांचेच असते, आणि ते शिसे-कथलाचा डाख पाण्यासारखा वितळवते. तसे एक आयर्न चालू करून तळहाताएवढ्या बंद प्लास्टिकच्या डबीत ठेवावे आणि डबी भिंतीत चिणून टाकावी, अशी कल्पना करून पाहा. घरगुती तारेवरचे पीव्हीसीचे आवरण साधारणतः सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत टिकावे अशा बेताने बनवलेले असते. त्यापुढे ते आधी मऊ पडते, पुढे पुढे कडक होऊन तडकते. उष्णतेने पितळी जिभांची कमान ढिली पडते, पकड आणखी सुटते, पुटे वाढतात, विरोध वाढतो आणि उष्णताही वाढते. हा रोग स्वतःच स्वतःला पोसणारा आहे. तो आपणहून बरा झाल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आमच्या एका आत्याबाईंच्या घरी २०१४ च्या पावसाळ्यात जे घडले ते येथे सांगण्याजोगे आहे. आत्याबाई तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या. घरी मुलगा, सून, दोन नातवंडे. महिनाभर त्या एकच गोष्ट सांगत होत्या : न्हाणीबाहेरच्या बोळात मासळीचा वास येतो. आता वसईच्या ख्रिस्ती घरात, ऐन पावसाळ्यात, सुक्या मासळीचा डबा भरलेला असताना ही काय तक्रार झाली? मुलाने डबा माळ्यावर हलवला. सुनेने बोळ दोनदा फिनेलने पुसला. वास गेला नाही. शेवटी मुलगा हसत म्हणाला, “आई, घरात बोंबील आहेत तर बोंबलाचा वास येणारच.” त्यावर आत्याबाई म्हणाल्या, “अरे, बोंबलाचा वास दिवसभर असतो. हा सकाळी सातला येतो आणि नऊला जातो. बोंबलांना घड्याळ कळतं काय?”

सकाळी सात ते नऊ ही त्या घरातील आंघोळीची वेळ होती, आणि गिझरचा बोर्ड त्याच बोळात होता. दोहोंचा संबंध कोणी जोडला नाही, कारण पाणी वेळेवर आणि कढत मिळत होते. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आत्याबाईंनी आळीतील वायरमनला चर्चच्या आवारातच गाठले आणि तडक घरी आणले. आम्ही त्या दिवशी तिथे जेवायला होतो. त्याने मेन स्विच बंद करून सॉकेटची पांढरी पट्टी उघडली. आतला स्क्रू त्याने पेचकसाने नव्हे, बोटाने फिरवला. तारेवरचे लाल आवरण चार बोटे लांबीपर्यंत काळे होऊन भुग्यासारखे गळत होते. पितळेचा रंग निळसर-जांभळा पडला होता. मागचा लाकडी बोर्ड त्याने उलटा केला, तर त्याची पाठ कोळशासारखी जळलेली. वर माळ्यावर सुक्या झावळ्या आणि नारळाची सोडणे रचलेली होती. आणि बोर्ड ज्या लाकडी पडदीवर ठोकलेला होता तिच्या पलीकडे नातवंडांची खाट होती.

वायरमन काही बोलला नाही. त्याने तो बोर्ड मुलाच्या हातात दिला. मुलगा बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभा राहिला. आत्याबाईंनी मात्र एवढेच विचारले, “बाबा, उद्या सकाळपर्यंत पाणी तापेल ना?”

मासळीचा वास काही भ्रम नव्हता. स्विच आणि सॉकेटची पांढरी, कडक पात्रे पुष्कळदा युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीच्या राळेपासून घडवलेली असतात. ती फार तापून कुजू लागली की नत्रयुक्त वायू सुटतात, आणि त्यांत अमाइन कुळातील संयुगे असतात. मासळीचा वासदेखील याच कुळातील एका संयुगाचा. म्हणजे नाक चुकत नाही, आपण त्याच्या साक्षीचा अर्थ चुकीचा लावतो. मासळी न खाणाऱ्या एखाद्या घरात हा वास पहिल्याच दिवशी उघडकीस आला असता. आमच्याकडे त्याला महिनाभर बोंबलाचा आसरा मिळाला.

त्या बोर्डावर एमसीबी होता आणि तो उत्तम स्थितीत होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मग तो पडला का नाही? कारण त्याचे काम वेगळे. फ्यूज असो वा एमसीबी, तो दारावर बसून किती प्रवाह आत गेला हे मोजतो. ठरल्यापेक्षा अधिक गेला तर दार लावून घेतो. सैल सांध्यात प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. पहारेकऱ्याच्या वहीत सारे नियमानुसार चाललेले असते. हल्ली ज्याला लोक ईएलसीबी म्हणतात तो आणखी एक पहारेकरी. आत गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिॲम्पिअरांचा फरक पडला की तो वीज तोडतो, आणि माणसाला बसणाऱ्या धक्क्यापासून वाचवतो. तो प्रत्येक घरात असावा, याबद्दल दुमत नाही. पण तापणाऱ्या सांध्यातून वीज जमिनीत झिरपत नसते, म्हणून त्यालाही काही कळत नाही. ठिणगी ओळखणारी यंत्रे अमेरिकेच्या विद्युत संहितेत १९९९ पासून आली. आपल्या घरांत ती क्वचितच दिसतात, आणि ठिणगी न उडवता नुसता धुमसणारा सांधा त्यांनाही दर वेळी ओळखता येईल असे नाही. नवा बोर्ड बसवून आता आपण निर्धास्त झालो असे समजणाऱ्या आमच्या बांधवांनी एवढे ध्यानात घ्यावे.

एका सैल सांध्याने काय होऊ शकते ते आपल्या देशाने १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात पाहिले. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला त्या दिवशी पहाटेनंतर एकदा आग लागून गेली होती. दुपारपूर्वी त्याची दुरुस्ती झाली. तारेच्या टोकावर बसवायचे ॲल्युमिनियमचे टोपण यंत्राने दाबून घट्ट करायला हवे होते. ते हातोडीने ठोकून बसवण्यात आले. सायंकाळी पाचच्या सुमारास तो सांधा सुटला, ठिणग्या उडाल्या, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला भोक पडून तेल वाहू लागले आणि पेटले. वर ‘बॉर्डर’ हा चित्रपट चालू होता. खाली लावलेल्या मोटारींनी पेट घेतला, धूर बाल्कनीत चढला, आणि बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या. एकोणसाठ माणसे गेली, बहुतेक गुदमरून. पुढे न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालला तो वाटा कोणी अडवल्या याचा, आणि तो योग्यच होता. परंतु साऱ्याचा आरंभ हातोडीने ठोकलेल्या त्या टोपणात होता, हे त्या निकालपत्रांतच नोंदलेले आहे.

घरात दोषाचे माप लहान असते, जात तीच. आमच्या समाजात तर त्याला एक निराळा फाटा आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतील माणसे आखाती देशांत राहून आली, काही अजून तिथे आहेत. येताना इस्त्री येते, केटली येते, मिक्सर येतो. दुबई, कुवेत, कतारकडील या वस्तूंच्या प्लगला तीन चौकोनी पिना असतात. हा ब्रिटिश प्लग, १९४७ साली ठरलेला. त्याच्या पोटात स्वतःचा लहानसा फ्यूज असतो. गंमत अशी की आपल्याकडचे गोल पिनांचे सॉकेटही मूळचे ब्रिटिशच, त्याच्या आधीच्या पिढीचे. त्यांनी ते टाकले आणि आपण ठेवले. आता चौकोनी पिना गोल भोकांत बसवायच्या म्हणून बाजारात सर्व प्रकारच्या पिना गिळणारे अडॅप्टर मिळतात. जो सर्वांना जागा देतो तो कोणालाच घट्ट धरीत नाही. असा अडॅप्टर मोबाइलच्या चार्जरला चालेल. तीन हजार वॅटांची केटली त्यावर लावली की प्रवाह तेरा ॲम्पिअरांवर जातो, आणि त्या सैल पकडीत उष्णता साठू लागते. मुलाने प्रेमाने पाठवलेल्या वस्तूचा प्लग कापून त्या जागी आपल्याकडचा चांगला सोळा ॲम्पिअरचा प्लग बसवून घेणे म्हणजे भेटीचा अपमान, असे काही मातांना वाटते. तसे ते नाही.

दुसरी वस्तू त्याहून वाईट. आपल्याकडे सॉकेटचे दोन आकार आहेत. जुने लोक त्यांना पाच आणि पंधराचे म्हणतात, आता मानक सहा आणि सोळा ॲम्पिअरचे आहे. जाड पिनांचा प्लग लहान सॉकेटमध्ये जाऊ नये, हीच त्या दोन आकारांमागची युक्ती. सहा ॲम्पिअर म्हणजे सुमारे तेराशे ऐंशी वॅट. गिझर त्यात बसतच नाही. मग दुकानात एक ठोकळा मिळतो, मागे बारीक पिना आणि पुढे जाड भोके. शहाण्या माणसाने घातलेली अडचण दूर करण्यासाठी तो विकला जातो. त्याची किंमत किरकोळ असते आणि तो सहज विकला जातो, यापलीकडे त्याच्या बाजूने आम्हांला काही सांगता येत नाही.

वायरींविषयीही थोडे. वायर म्हणजे केसांसारख्या बारीक तांब्याच्या तारांची जुडी. इस्त्रीची वायर प्लगच्या मानेपाशी रोज वाकते. आतल्या तारा एकेक करून तुटतात, आणि उरलेल्या थोड्या तारांवर साऱ्या प्रवाहाचे ओझे पडते. मानेपाशी वायर मऊ किंवा कोमट लागली तर तिचे दिवस भरले आहेत असे समजावे. वर काळी पट्टी गुंडाळल्याने आत तुटलेली तार जुळत नाही. गरम इस्त्रीभोवती वायर आवळून गुंडाळण्याची सवयही तशीच. दाराच्या बिजागरीतून नेलेली, सतरंजीखाली सरकवलेली, कपाटाच्या पायाखाली चेपलेली वायर उघड्या हवेला मुकते, आणि तिची उष्णता तिच्याजवळच राहते. लांब एक्स्टेन्शनची वायर अर्धीच उलगडून बाकीचे वेटोळे तसेच ठेवतात, तिथेही हाच प्रकार. वेटोळ्याच्या पोटातला वेढा आजूबाजूच्या वेढ्यांनी पांघरलेला असतो; ओझे मोठे असेल तर वेटोळे आतून वितळून एकजीव होते. लग्नाच्या मांडवांत आम्ही असे गोळे पाहिले आहेत.

मांडवावरून नाताळ आठवणे साहजिक आहे. आमच्या आळ्यांत डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की मुले गोठा उभारू लागतात. भाताचा पेंढा, सुके गवत, बर्फ म्हणून कापूस, डोंगर म्हणून रंगवलेला कागद. आगीला याहून रुचकर पक्वान्न शोधून सापडणार नाही. या सगळ्यातून दिव्यांची माळ फिरते, आणि तिचा प्लग तुटलेला असला तर वायरीची दोन उघडी टोके सॉकेटच्या भोकांत घालून काड्यापेटीच्या काड्यांनी खुंटी मारतात. आग पेटवण्यासाठी बनवलेली वस्तू नेमकी त्या जागी खोचावी, याला काय म्हणावे? हल्लीच्या एलईडी माळा फार थोडा प्रवाह घेतात, म्हणून हे पुष्कळदा निभावून जाते. पण त्याच एक्स्टेन्शनवर नंतर स्पीकर येतात, जुना हॅलोजन येतो, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेवरून परतणाऱ्यांसाठी कॉफीची विजेची किटलीही येते. शिवाय सारे घर चर्चमध्ये असताना गोठा अंगणात एकटाच उजळत राहतो. मुलांचा उत्साह मोडावा असे आम्ही म्हणत नाही. चांगला प्लग बसवलेली, पुरेशा जाडीची, पूर्ण उलगडलेली वायर गोठ्याला मिळावी, मोठे ओझे दुसऱ्या सॉकेटवर जावे, आणि मिस्सेला निघताना घरातील वडीलधाऱ्याने स्विच बंद करावा, इतकेच. गोठ्यातील बाळ तासभर अंधारात राहिले तर त्याला त्याची सवय आहे.

आता हे सारे लक्षात यायचे कोणाच्या? घरातील उपकरणांना दिवसातून दहा वेळा हात लावते ती गृहिणी, सून, किंवा कामाला येणारी बाई. प्लग गरम लागतो, बोर्ड चरचरतो, मिक्सर लावला की दिवा थरथरतो, वास येतो, हे सर्वप्रथम त्यांनाच कळते. आणि विजेच्या बाबतीत त्यांचे म्हणणे शेवटी ऐकले जाते. वायरमन आल्यावर त्याच्याशी बोलायला घरचा पुरुष पुढे होतो. त्याने महिनाभर त्या सॉकेटला हातही लावलेला नसतो. आमच्या माहितीतील त्या वायरमनने यावर एक उपाय योजला आहे. तो घरात शिरला की आधी स्वयंपाकघरात जातो आणि विचारतो, “मावशी, कुठलं काय गरम होतं?” मग तिथून कामाला लागतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे निम्मे निदान तिथेच होते.

पावसाळा सरला की दमट भिंती वाळतात. घरांची डागडुजी आणि नाताळपूर्वीची रंगरंगोटी तेव्हाच निघते. बोर्ड उघडून स्क्रू आवळून घ्यायला तोच काळ सोयीचा. काम अर्ध्या दिवसाचे असते. परीक्षा तर त्याहून सोपी. गिझर किंवा इस्त्री वीस मिनिटे चालल्यावर स्विच बंद करावा आणि कोरड्या हाताची मागची बाजू प्लगच्या पाठीला आणि सॉकेटच्या पट्टीला लावून पाहावी. किंचित कोमटपणा मोठ्या उपकरणात चालतो. हात ठेववत नसेल, डाग दिसत असेल, एक पिन दुसरीपेक्षा काळी पडली असेल, तर ते सॉकेट त्या दिवसापासून वापरू नये. धूर किंवा जळका वास येत असताना प्लग हिसकून काढण्याची घाई करू नये. आधी मेन स्विच बंद करावा. पाणी तर मुळीच मारू नये. कोरडी वाळू किंवा विजेच्या आगीसाठी चालणारे अग्निशामक नळकांडे वापरावे. ज्वाळा दिसत असेल तर माणसे बाहेर काढून १०१ क्रमांकावर कळवावे, घरातल्या घरात पराक्रम करू नये.

नुसते सॉकेट बदलून मात्र भागत नाही. जळक्या सॉकेटमध्ये राहिलेल्या प्लगच्या पिना खडबडीत आणि काळ्या झालेल्या असतात, आणि त्या नव्या सॉकेटलाही आपला रोग देतात. म्हणून दोन्ही एकदमच बदलावी लागतात. मागची तार जिथवर काळवंडली असेल तिथवर कापून, तांबे लखलखीत दिसेपर्यंत मागे जावे लागते. भिंतीत तेवढी लांबी शिल्लक नसली तर नवी तार ओढावी लागते, गिझरसाठी ती चांगली जाड असावी लागते, आणि मग अर्थातच भिंतीला पुन्हा रंगही द्यावा लागतो.